माळावरचं हरण, सरकारचं काडतूस

देवणी म्हटलं की आधी बैल आठवतो. काळ्या-पांढऱ्या अंगाचा, रुंद कपाळाचा, लोंबत्या कानांचा. शिकार कोणाला आठवत नाही, कारण इथे जंगल म्हणावं असं जंगल नाही. मांजरेच्या खोऱ्यातली काळी जमीन, मध्येच मुरमाड बरड, गायरान, कुसळी गवत, तुरळक बाभळी. निजामाच्या राज्यात हा सगळा भाग बिदर जिल्ह्यातल्या उदगीर तालुक्याचा. १९५६ साली उदगीर, निलंगा, अहमदपूर हे तालुके उस्मानाबादकडे आले, १९८२ साली लातूर जिल्हा वेगळा झाला आणि १९९९ साली देवणी स्वतःच तालुका झाली. जिल्हे बदलत गेले, माळ तोच राहिला. या माळाने शंभर-सव्वाशे वर्षं बंदूकवाल्यांना एकाच पेचात धरलं होतं: काडतूस घ्यायचं कोणतं?

पेच समजायचा तर जनावरं बघावी लागतात. एका बाजूला काळवीट. पूर्ण वाढलेला नर पस्तीस-चाळीस किलोचा, छातीची उंची जेमतेम फूटभर, आणि नजर अशी की उघड्या रानात माणूस दिसला रे दिसला की कळप दोन-अडीचशे यार्डांचं अंतर राखूनच उभा राहणार. चिंकारा तर त्याहून लहान. दुसऱ्या बाजूला लांडगा, तरस आणि बालाघाटाच्या घळीतून रात्री गावाकडे उतरणारा बिबट्या. लांडगा हरणासारखाच लांब राहतो. बिबट्या मात्र दिसतो तो मचाणाखाली बांधलेल्या शेळीजवळ, वीस-पंचवीस यार्डांवर, तोही संधिप्रकाशात. त्याला नुसतं जखमी केलं तर दुसऱ्या दिवशी झुडपात शिरणाऱ्याचं काही खरं नसतं. थोडक्यात हरणाला लांब जाणारी, सरळ उडणारी, हलकी गोळी हवी. बिबट्याला जवळून बसणारी, जड, जागेवर लोळवणारी. वाघ हवा असेल तर अजून पुढे, किनवट-माहूरच्या सागवानात जावं लागे, आणि तिथे हिशेब आणखी वेगळा.

पारध्यांना हा प्रश्न कधी पडलाच नाही, हे आधी सांगून टाकलं पाहिजे. फासेपारधी हरणाच्या वाटेवर फास मांडत. काही जण पाळलेल्या नराच्या शिंगांना फास बांधून त्याला कळपाजवळ सोडत. कळपातला नर झुंजायला आला की शिंगं अडकत आणि पारधी धावत जाऊन त्याला धरत. बार नाही, धूर नाही, बाकीचा कळप फार लांबही पळत नाही. खर्च दोरीचा. माळाचं इतकं बारीक ज्ञान असलेल्या या लोकांवर इंग्रजांनी गुन्हेगार जमातीचा शिक्का मारला, आणि त्याच माळावर साहेब आला की वाटाड्या म्हणून त्यांनाच पुढे घातलं.

राजेरजवाड्यांची रीत तिसरीच. पाळलेला चित्ता डोळ्यांवर टोपी घालून गाडीवर बसवायचा, कळप टप्प्यात आला की टोपी काढायची. कोल्हापूरच्या दरबारात ही शिकार विसाव्या शतकातही चालू होती. हैदराबादेत १८९३ च्या जानेवारीत ऑस्ट्रियाचा युवराज फ्रान्झ फर्डिनांड सहाव्या निजामाचा पाहुणा होता, त्यालाही ती दाखवली गेली. हा युवराज म्हणजे ज्याच्या सारायेव्होतल्या खुनाने पहिलं महायुद्ध पेटलं तोच. निजामाचे छायाचित्रकार राजा दीनदयाळ अशा शाही शिकारींचे फोटो काढत. फोटोत हारीने मांडलेली जनावरं दिसतात, पण कोणाला किती अंतरावरून कोणती गोळी लागली ते फोटो सांगत नाही.

ते सांगितलं छावणीतल्या अधिकाऱ्यांनी. निजामाच्या खर्चाने पोसलेली आणि इंग्रज अधिकाऱ्यांच्या हुकमतीखालची हैदराबाद कंटिन्जंट नावाची फौज मराठवाडाभर पसरलेली होती. हिंगोलीत छावणी, औरंगाबाद-जालन्यात छावणी, मोमिनाबादेत म्हणजे आपल्या अंबाजोगाईत घोडदळ. लढाया थांबल्यावर या अधिकाऱ्यांना रजेत आणि रजेबाहेरही करण्यासारखं काम एकच उरलं. त्यातला एक आर. जी. बर्टन. त्याने १९०५ साली कंटिन्जंटचा इतिहास लिहिला आणि १९२८ साली दख्खनमधल्या शिकारीवर जाड पुस्तक काढलं. अशा पुस्तकांत पानंच्या पानं बंदुकांवर असतात. वाचताना कधी कधी वाटतं, वाघापेक्षा दुसऱ्या छावणीतल्या साहेबाचं काडतूस चुकीचं ठरवण्यातच यांना जास्त रस होता.

सुरुवात अर्थात ठासणीच्या बंदुकीपासून झाली. गावातल्या पाटलाकडे किंवा देशमुखाकडे जी होती ती मोकळ्या नळीची, म्हणजे आत पीळदार खाचा, आटे, नसलेली. सोरा, गंधक, कोळसा यांची दारू, वर चिंधी, मग शिशाची गोळी किंवा हाताला येतील ते लोखंडाचे तुकडे. पन्नास यार्डांपलीकडे तिचा भरवसा नव्हता. रानडुकराला किंवा पाणवठ्यावरच्या बिबट्याला ती पुरे, माळावरच्या काळवीटाला नुसता आवाज. आटेदार नळी आली तेव्हा गोळी सरळ जाऊ लागली, पण नवीनच अडचण उभी राहिली. जड गोळी आणि बेताची दारू असली की गोळी कमानीसारखी उडते. दीडशे यार्ड समजून नेम धरला आणि हरण दोनशेवर असलं तर गोळी त्याच्या पायाखालच्या मातीत. उघड्या माळावर झाड नाही, झुडूप नाही, अंतर मोजायला डोळ्यांना आधारच नाही. उन्हात लहरणाऱ्या हवेत तर अनुभवी माणूसही पन्नास यार्डांनी फसतो.

यावर पहिला नीट विचार करणारा माणूस कॅप्टन जेम्स फोर्सिथ. सातपुड्याच्या रानांवरच्या त्याच्या १८७१ च्या पुस्तकामुळे आपण त्याला ओळखतो, पण त्याआधी १८६३ साली त्याने शिकारी रायफल आणि तिची गोळी या एकाच विषयावर पुस्तक लिहिलं होतं. त्याचं म्हणणं धाडसी होतं. नळीतले आटे अगदी सावकाश वळणारे ठेवा, लांबट गोळीऐवजी गोल गोळी घ्या आणि दारू ठासून भरा. गोल गोळी वजनाला हलकी, त्यामुळे वेगाने सुटते आणि दीडशे यार्डांपर्यंत जवळजवळ सपाट जाते. मग अंतराचा अंदाज चुकला तरी चालतो. त्याने सोडवलेला प्रश्न जनावराच्या कातडीचा नव्हता, माणसाच्या डोळ्याचा होता, आणि म्हणून मला तो त्या काळातल्या सगळ्या बंदूकबाजांत शहाणा वाटतो.

पुढची पायरी एक्सप्रेस रायफलीची. लंडनच्या पर्डी या बंदूककाराने १८५६ च्या सुमारास आगगाडीवरून हे नाव घेतलं आणि १८७०-८० च्या दशकांत .४५०, .५०० आणि .५७७ या मापांच्या एक्सप्रेस दुनळ्या हिंदुस्थानात घरोघरच्या, म्हणजे बंगल्याबंगल्यांतल्या झाल्या. (हे आकडे नळीच्या व्यासाचे, इंचात. .५०० म्हणजे अर्धा इंच.) एक्सप्रेसची गोळी पुढून पोकळ असे. दारू भरपूर, गोळी हलकी, वेग जास्त, आणि लागताच गोळी फुलून फुटत असे. काळवीटाला तिच्यासारखं औषध नव्हतं. जनावर जागेवर बसायचं, जखमी होऊन मैलभर पळणं नाही.

मग त्याच रायफली घेऊन लोक वाघ-बिबट्यांकडे वळले आणि भांडण पेटलं. पोकळ गोळी वाघाच्या खांद्याच्या हाडावर आपटून वरच्यावर फुटते, आत पोचतच नाही, अशी तक्रार सुरू झाली. नावाजलेला शिकारी सॅम्युअल बेकर याने १८९० च्या आपल्या पुस्तकात पोकळ गोळीवर कडाडून टीका केली. त्याची पसंती .५७७ च्या रायफलीला आणि शुद्ध मऊ शिशाच्या भरीव गोळीला. वजन साधारण ४२ ग्रॅम. ती वाघाच्या अंगात पसरते पण फुटत नाही, आणि आपलं सगळं बळ आतच खर्च करते, असा त्याचा सिद्धांत. पोकळवाले म्हणत, नेम नीट धरा, हाडावर कशाला मारता? दोघांचंही बरोबर होतं, कारण एक जण हरणाबद्दल बोलत होता आणि दुसरा वाघाबद्दल. एकाच काडतुसात दोन्ही बसवायचा हट्ट हेच भांडणाचं मूळ, आणि तो हट्ट आजही बंदूकवाल्यांच्या गप्पांतून गेलेला नाही.

इथे बैलगाडीचा उल्लेख करायलाच हवा. माणसाला बुजणारा काळवीट गाडीला बुजत नसे. रोज शेतावरून जाणारी गाडी, तिची घंटा, चाकाची कुरकुर हे त्याच्या रोजच्या जगातलंच होतं. म्हणून शिकारी गाडीच्या पलीकडच्या अंगाला चालत राही. गाडीवान कळपाकडे सरळ न जाता तिरपं जाई, वर्तुळ हळूहळू आवळत आणी, आणि शंभर यार्डांच्या आत आल्यावर गाडी न थांबता पुढे जाई आणि साहेब मागे जमिनीवर बसून राही. गाडी थांबली की कळप उधळलाच. ज्या मुलखात बैल हीच दौलत, तिथे चांगली शिकवलेली जोडी निम्म्या रायफलीचं काम करत होती. शंभर यार्डांवरच्या हरणाला कुठलंही काडतूस चालतं. गाडीवानाचं नाव मात्र शिकारीच्या पुस्तकांत फार शोधूनही सापडत नाही.

१८८८ साली इंग्रज फौजेने .३०३ ची रायफल घेतली आणि काही वर्षांतच धूर न करणारी कॉर्डाइट दारू आली. खेळच बदलला. काळ्या दारूची मार्टिनी-हेन्री, जी त्याआधी फौजेत होती, तिच्या गोळीला दोनशे यार्ड कापायला साधारण अर्धा सेकंद लागे. तेवढ्यात ती नळीच्या रेषेपासून चार फूट खाली येई. नव्या बारीक मापाच्या गोळ्या, उदाहरणार्थ माउझरचं ७ मिलिमीटर काडतूस, ज्याला इंग्रज बंदूककार रिग्बीने .२७५ असं नाव दिलं, तेच अंतर पाव सेकंदाच्या आत कापू लागल्या. घसरण फूटभराची. आपण वर पाहिलं की काळवीटाची छातीही फूटभरच. म्हणजे नेम थोडा वर धरला की झालं, अंतराचं गणित जवळपास संपलंच. फोर्सिथला जे गोल गोळीने आणि ठासलेल्या दारूने जेमतेम साधलं होतं, ते आता कोणाही नवशिक्याच्या हाती आलं.

पण फौजी गोळीला कठीण धातूचं पूर्ण कवच असे. ती हरणातून सुईसारखी आरपार जाई आणि हरण पळत राही. फौजेचाही हाच अनुभव. १८९५ च्या चित्रालच्या मोहिमेत पठाण गोळी लागूनही अंगावर येतात अशी ओरड झाली. कलकत्त्याजवळच्या दमदमच्या कारखान्यात कॅप्टन बर्टी-क्ले याने टोकाचं कवच उघडं ठेवून मऊ शिसं बाहेर काढलेली गोळी बनवली, तीच ती कुप्रसिद्ध दमदम गोळी. १८९९ च्या हेग परिषदेने अशा फुलणाऱ्या गोळ्या युद्धात वापरायला मनाई केली. शिकाऱ्यांना ती मनाई लागू नव्हतीच. त्यांच्या हिशेबी कवचबंद गोळीने हरण मारणं हेच क्रौर्य, आणि मऊ टोकाची गोळी हा सभ्यपणा. माणसाला निषिद्ध ठरलेली गोळी हरणाला दयेची म्हणून दिली गेली. यात ढोंग नव्हतं. हरणाच्या बाबतीत ते खरंच होतं.

इथवर निवड शिकाऱ्याच्या हातात होती. पुढची निवड सरकारने केली.

१८५७ ची दहशत इंग्रजांच्या मनातून कधी गेली नाही. मोमिनाबादचं घोडदळ त्याच वर्षी औरंगाबादेत बिथरलं होतं, म्हणजे मराठवाडाही त्यातून सुटला नव्हता. १८७८ साली हत्यारांचा कायदा आला. परवान्याशिवाय हिंदी माणसाने बंदूक बाळगायची नाही, गोऱ्याला मात्र सूट. १८८७ च्या मद्रासच्या अधिवेशनात काँग्रेसने याविरुद्ध ठराव केला. १८९७ साली पुण्यात चाफेकरांनी प्लेग अधिकारी रँडला मारलं. सरहद्दीवर पठाणांकडे चोरीच्या आणि विकत घेतलेल्या फौजी रायफली वाढत होत्या. बंदूक बंद करणं अवघड, तिचं अन्न तोडणं सोपं, असा विचार सरकारने केला. .३०३ हे फौजेचं काडतूस, तर ते खाजगी माणसाकडे नको. जुन्या मार्टिनी-हेन्रीची गोळी .४५० मापाची, तर त्या मापाचंही नको. १९०७ च्या सुमारास .४५० च्या शिकारी रायफलींची आयातही हिंदुस्थानात बंद झाली.

लंडन-बर्मिंगहॅमच्या बंदूककारांची मोठी पंचाईत झाली. .४५० हीच तर त्यांची वाघा-हत्तींची ठरलेली रायफल. त्यांनी एक सरळ पळवाट काढली: माप थोडं बदलायचं. जोसेफ लँगने .४७० आणलं, हॉलंड अँड हॉलंडने .४६५, आणखी कोणी .४७५. गोळीचं वजन तेवढंच, मार तेवढाच, फक्त फौजी नळीत ती बसत नाही. आज संग्रहालयांत आणि लिलावांत ज्या भपकेबाज .४७० दुनळ्या मानाने मिरवतात, त्यांचा जन्म वाघासाठी झालाच नाही. तो झाला बंडखोराच्या भीतीपोटी.

निजाम स्वतंत्र म्हणवत असला तरी त्याच्या राज्याला समुद्र नव्हता. हैदराबादच्या नवाबाची रायफल मुंबईच्या किंवा मद्रासच्या बंदरातूनच यायची, आणि बंदर इंग्रजांचं. त्यामुळे जहागिरदाराच्या दिवाणखान्यातलं काडतूसही कलकत्त्याच्या हुकमानेच ठरलं.

.३०३ ची जागा कोणी घ्यायची, हा गरीब प्रश्न. गरीब अशासाठी की .४७० नवाबांचं आणि कलेक्टरांचं. साध्या परवानेवाल्याला एकनळी, परवडणारी रायफल हवी होती. उत्तर आलं ऑस्ट्रियातून. तिथल्या फौजेचं ८ मिलिमीटरचं मानलिखर काडतूस हिंदुस्थानातल्या कुठल्याच फौजी रायफलीत बसत नव्हतं. ८ मिलिमीटर म्हणजे .३१५ इंच. बर्मिंगहॅमच्या बी.एस.ए. कंपनीने या मापाच्या रायफली हिंदुस्थानच्या बाजारासाठी बनवल्या आणि 'थ्री-फिफ्टीन' इथलीच होऊन गेली. गोळी सोळा ग्रॅमच्या आसपास, बोथट टोकाची, वेग मध्यम. काळवीटासाठी .२७५ इतकी सपाट नाही, बिबट्यासाठी जाड दुनळीइतकी खात्रीची नाही. मला विचाराल तर दोन्ही कामांना अर्धवट. पण ती मिळत होती, तिचं काडतूस मिळत होतं आणि परवान्यावर तिचं नाव बिनदिक्कत चढत होतं. स्वातंत्र्यानंतर बंगालमधल्या इच्छापूरच्या सरकारी कारखान्याने .३१५ बनवली तीही ली-एनफिल्डच्याच घडणीवर, म्हणजे मनाई असलेल्या .३०३ च्याच अंगात.

ज्यांना पैशाची चणचण नव्हती ते दोन हत्यारं बाळगत. जिम कॉर्बेटचं उदाहरण सगळ्यांना ठाऊक असतं. १९०७ च्या चंपावतच्या नरभक्षक वाघिणीनंतर त्याला बक्षीस मिळालेली .२७५ रिग्बी, आणि जोखमीच्या जागी .४५०/४०० ची जड दुनळी. बंगलोरचा शिकारी केनेथ अँडरसन अमेरिकन .४०५ विंचेस्टरवर निष्ठा ठेवून होता. हॉलंडने १९१२ साली काढलेलं .३७५ मॅग्नम हे एकाच रायफलीत सगळं बसवायच्या जुन्या हट्टाला मिळालेलं त्यातल्या त्यात समाधानकारक उत्तर. आणि मचाणावरून बिबट्या मारायचा असेल तर यातलं काहीच नको, बारा बोअरची दुनळी आणि एल.जी.ची जाड छर्ऱ्यांची काडतुसं पुरतात, असं जाणते सांगत. अंधारात रायफलीची नेम धरायची माशी दिसत नाही, दुनळीला ती बघावी लागत नाही.

१९४८ च्या सप्टेंबरात भारतीय फौज सोलापूरकडून नळदुर्गमार्गे आत शिरली, पाच दिवसांत निजामी राज्य संपलं आणि जहागिरी पाठोपाठ गेल्या. त्यांच्याबरोबर राखीव शिकारीच्या हद्दीही गेल्या. नवाबाच्या हौसेसाठी का होईना, पण ज्या माळावर दुसऱ्याला बार काढायची बंदी होती तो माळ मोकळा झाला. महायुद्धातून उरलेल्या जीपगाड्या याच सुमारास बाजारात आल्या. रात्री जीपच्या झगमगत्या दिव्यात हरणाचे डोळे चमकतात आणि ते जागचं हलत नाही. फोर्सिथपासून कॉर्बेटपर्यंत सगळ्यांनी डोकं खपवलेला अंतराचा प्रश्न एका दिव्याने निकालात काढला. तीस यार्डांवर उभ्या हरणाला काडतूस कोणतं, हे विचारायची गरजच उरली नाही. देशभरच्या उघड्या रानांतले काळवीटांचे मोठे कळप याच दोन दशकांत झपाट्याने विरळ झाले.

आजच्या छत्तीसगडातल्या कोरिया संस्थानाच्या महाराजाने १९४७ साली तीन चित्ते मारले तेही रात्री मोटारीच्या दिव्यातच. मुंबईच्या नॅचरल हिस्ट्री सोसायटीच्या नियतकालिकात त्याची हकीकत आली. पहिल्या गोळीला एक पडला. दुसरी गोळी एका चित्त्यातून आरपार गेली आणि मागे बसलेल्याला लागली. दोन गोळ्यांत तीन. देशातले हे शेवटचे नोंदले गेलेले चित्ते. १९५२ साली भारतातून चित्ता नाहीसा झाल्याचं जाहीर झालं.

१९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आला आणि वाद कायमचा मिटला. काळवीट, लांडगा, बिबट्या आज तिघंही पहिल्या अनुसूचीत आहेत. त्यांच्यावर कोणतंच काडतूस चालत नाही. लातूरच्या माळावर पेरणीनंतर कोवळ्या तुरीत आणि सोयाबीनमध्ये कळप उतरतात तेव्हा शेतकरी जुन्या साड्या बांधाला गुंडाळतो, फटाके लावतो, आणि शेवटी वनखात्याकडे पंचनाम्यासाठी अर्ज करतो. एखाद्या जुन्या घरात आजोबांच्या नावावरची .३१५ परवान्यावर पुढे चालू असते. निवडणूक लागली की ती पोलीस ठाण्यात जमा करायची, निकाल लागला की सही करून परत आणायची.